स्नॅपआधीची हालचाल: फ्लॅग कधी टाकायचा, कधी सोडून द्यायचं

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलला पंच कमी पडताहेत. त्यामुळे स्थानिक पंच संघटनेकडे नाव नोंदवलंत की तुमचं स्वागतच होतं. नियमांचे वर्ग होतात, परीक्षा होते, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट येतो आणि बघता बघता कनिष्ठ संघाच्या सामन्यात तुम्ही साइडलाइनवर उभे असता. मुलं खेळतात म्हणून हा खेळ शिकलेले काही मराठी आई-बाबा आता या वाटेनं येताहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात हा खेळ लहानपणापासून मुरलेला नसतो आणि त्यामुळे एका ठिकाणी हमखास अडायला होतं: स्नॅपच्या, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो त्या क्षणाच्या, आधीचे दोन-तीन सेकंद.

बावीस मुलं समोरासमोर उभी असतात. सेंटरनं चेंडू मागे देईपर्यंत ऑफेन्सनं, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघानं, स्थिर राहायचं, असं वर्गात शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात मात्र कोणी ना कोणी हलत असतंच. पास झेलणारा रिसीव्हर हातमोजा ओढतो, सेंटरशेजारचा गार्ड मान वळवतो, त्याच्या पलीकडच्या टॅकलचा खांदा किंचित वर येतो. प्रत्येक वेळी फ्लॅग, म्हणजे चुकीची खूण असलेला रुमाल, टाकला तर सामना पुढं सरकणार नाही आणि एकदाही टाकला नाही तर डिफेन्सवर अन्याय होईल. म्हणून ‘तो हलला का?’ एवढा प्रश्न पुरत नाही. ‘ती हालचाल बघून समोरच्याला स्नॅप झाला असं वाटलं असतं का?’ हा खरा प्रश्न. पुढचं सगळं त्याचं उत्तर अर्ध्या सेकंदात कसं द्यायचं याबद्दल आहे.

आधी आपलं नियमपुस्तक ठरवा

टीव्हीवर पाहिलेले नियम घेऊन मैदानात उतरू नका. बहुतेक राज्यांतली हायस्कूलं एनएफएचएस या हायस्कूल क्रीडा महासंघाच्या नियमांनी खेळतात. टेक्सासमधली हायस्कूलं कॉलेजचे, म्हणजे एनसीएएचे नियम वापरतात. एनएफएल या व्यावसायिक लीगचं पुस्तक तिसरंच आहे. स्नॅपआधीच्या हालचालींबाबत या तिघांत मोठे फरक आहेत.

सगळ्यात जास्त फसवणारा फरक डिफेन्सबद्दलचा आहे. एनएफएलमध्ये डिफेन्सचा खेळाडू चुकून न्यूट्रल झोनमध्ये, म्हणजे दोन संघांमधल्या चेंडूच्या लांबीएवढ्या पट्टीत, आला, कोणाला धडकला नाही, त्याच्यामुळे समोरचा कोणी हललाही नाही आणि स्नॅपच्या आत परत गेला, तर काहीच होत नाही. परतायच्या आत स्नॅप झाला तर फ्लॅग पडतो, पण खेळ बहुधा चालू राहतो. ॲरन रॉजर्ससारख्या क्वार्टरबॅकनं आवाजाच्या चढउतारानं डिफेन्सला पुढं ओढून असे कितीतरी ‘फुकटचे’ डाव मिळवले आहेत. एनएफएचएसमध्ये ही सोयच नाही. सेंटरनं चेंडूवर हात ठेवल्यानंतर दुसऱ्या कोणीही न्यूट्रल झोनची हद्द ओलांडली की एन्क्रोचमेंट झालं. शिट्टी लगेच वाजते आणि ५ यार्ड लागतात. तो परत गेला का, याला महत्त्व नाही. घरी रविवारचे सामने बघून आलेला नवा पंच इथं थांबून राहतो, आणि तेवढ्यात लाइनवर टक्कर झालेली असते.

कोणत्या चुकीवर खेळ थांबतो, कोणत्या चुकीवर नाही

हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. फॉल्स स्टार्ट (ऑफेन्सनं केलेली, स्नॅप झाल्याचा भास देणारी हालचाल) आणि एन्क्रोचमेंट या डेड-बॉल चुका आहेत. शिट्टी ताबडतोब वाजवायची, डाव झालाच नाही असं धरायचं. इल्लीगल मोशन (स्नॅपच्या क्षणी नियमाबाहेर चालतं असणं) आणि इल्लीगल शिफ्ट (जागा बदलल्यावर पुरेसं न थांबणं) या मात्र स्नॅपच्या क्षणी घडणाऱ्या चुका. तिथं फ्लॅग टाकायचा आणि शिट्टीला हात लावायचा नाही, कारण डाव संपल्यावर ती पेनल्टी घ्यायची की नाकारायची हे समोरच्या संघानं ठरवायचं असतं. डिफेन्सनं पास अडवून चेंडू हिसकावला असेल तर ते ५ यार्ड हसत नाकारतील. तुम्ही घाईनं शिट्टी वाजवलीत तर त्यांच्या हातातली ती संधी तुम्हीच काढून घेतलीत.

दंड चारही चुकांना ५ यार्डांचाच आहे, त्यामुळे नवशिक्याला त्या सारख्याच वाटतात. फरक शिट्टीचा आहे.

उभं कुठं राहायचं, बघायचं काय

पाच पंचांच्या क्रूमध्ये नव्या माणसाला बहुधा लाइन जज किंवा लाइन्समन म्हणून पाठवतात. दोघेही स्क्रिमेज लाइनच्या टोकाला, समोरासमोरच्या साइडलाइनकडे असतात. आपल्या बाजूच्या सर्वांत बाहेरच्या रिसीव्हरच्याही बाहेर उभे राहा. न्यूट्रल झोनकडे सरळ तोंड करा, म्हणजे चेंडूची दोन्ही टोकं आणि दोन्ही संघांमधली मोकळी पट्टी एकाच नजरेत येईल. एक पाऊल जरी मागे-पुढे झालं तरी कोन बिघडतो, आणि कोन बिघडला की न हललेला माणूस हलल्यासारखा वाटतो.

मग क्रम ठरवून घ्या. हडल, म्हणजे डाव ठरवायला जमलेला घोळका, फुटला की आपल्या बाजूचा रिसीव्हर लाइनवर आहे की मागे ते बघा. मागे असेल तर ऑफेन्सच्या बाजूला हात लांब करून पलीकडच्या साथीदाराला खूण द्या. मग टॅकलवर या. तो तीन टेकूंवर आहे, म्हणजे एक हात जमिनीवर आहे, की दोन पायांवर उभा आहे? हे स्नॅपच्या आधी मनात नोंदवलंच पाहिजे, कारण नंतरचा निर्णय त्यावरच ठरतो. शेवटी नजर टॅकल आणि चेंडू यांच्यामध्ये स्थिर करा. मधले गार्ड आणि सेंटर ही अंपायरची जबाबदारी. तो डिफेन्सच्या मागून त्यांच्याकडे तोंड करून उभा असतो. क्वार्टरबॅक आणि मागचे धावपटू मुख्य पंचाकडे, म्हणजे रेफरीकडे. सगळीकडे बघायचा मोह होतो, पण जो सगळीकडे बघतो त्याला एकही हालचाल पूर्ण दिसत नाही.

हात टेकलेला लाइनमन

इथं मोकळीक जवळजवळ नाही. सेंटर आणि लाइनच्या टोकाचा खेळाडू यांच्यामधल्या लाइनमननं हात जमिनीवर किंवा जमिनीलगत ठेवला की एनएफएचएसच्या नियमानं त्याला तो हात हलवता येत नाही आणि कुठलीही झटक्याची हालचाल करता येत नाही. डिफेन्स हलला की नाही, हे बघायची गरज नाही. हात उचलला, फॉल्स स्टार्ट. क्रिकेटच्या भाषेत हा नो-बॉल आहे: पाय रेषेपुढं पडला की फलंदाजाला त्रास झाला का हे कोणी विचारत नाही. बाकीच्या बऱ्याचशा हालचाली वाइडसारख्या आहेत, तिथं पंचाला अंदाज वापरावा लागतो.

तरीही एक विवेक हवाच. हात टेकलेल्या गार्डनं संथपणे मान वळवून क्वार्टरबॅककडे पाहिलं, किंवा श्वासाबरोबर पाठ वर-खाली झाली, तर ती झटक्याची हालचाल नव्हे. मुलगा जिवंत आहे, पुतळा नाही.

बाकी सगळे: इथं तुमचं खरं काम

दोन पायांवर उभा असलेला टॅकल, रिसीव्हर, टाइट एंड, धावपटू, क्वार्टरबॅक यांच्या बाबतीत मी तीन गोष्टी बघतो आणि त्या याच क्रमानं बघतो.

पहिली, हालचालीचा वेग. सावकाश वाकणं, बोटानं डिफेन्सच्या लाइनमागचा लाइनबॅकर दाखवणं, कमरेच्या टॉवेलला हात पुसणं, जागा बदलणं हे सगळं चालतं. खांदा एकदम पुढं उसळणं, गुडघा झटक्यात सरळ होणं, पाय मागे टाकून ब्लॉकच्या पवित्र्यात जाणं हे चालत नाही. शिफ्टसुद्धा सावकाश केली तर कायदेशीर असते. तीच शिफ्ट पाचही लाइनमननी एकदम धाडकन केली तर ती स्नॅपची नक्कल ठरते.

दुसरी, ती हालचाल डाव सुरू झाल्यावर हा खेळाडू करतो त्या हालचालीसारखी आहे का. रिसीव्हरनं साइडलाइनकडे वळून कोचकडे पाहिलं तर तसं काही वाटत नाही. त्यानंच पुढच्या पायावर भार टाकून एक पाऊल उचललं तर वाटतं. क्वार्टरबॅकनं मोशनची खूण म्हणून पाय शांतपणे उचलून ठेवला तर ठीक. त्यानं चेंडू घेतल्यासारखे हात एकदम पुढं केले किंवा डोकं झटक्यानं खाली नेलं तर फॉल्स स्टार्ट.

तिसरी, समोरच्यानं प्रतिसाद दिला का. हा पुरावा आहे, अट नाही. ऑफेन्सची हालचाल धूसर होती पण ती पाहून डिफेन्सचा एंड उडी मारून आत आला, तर त्या हालचालीत काहीतरी होतं हे त्यानं तुम्हाला दाखवून दिलं. उलट हालचाल उघड झटक्याची होती आणि डिफेन्स शिस्तीनं जागेवर राहिला, तरी ती चूकच. शिस्तीत राहिलेल्या संघाला त्याची शिक्षा मिळता कामा नये.

या तिन्ही गोष्टी तपासूनही मनात शंका उरली तर सोडून द्या. जी हालचाल दिसायला तुम्हाला व्हिडिओ थांबवावा लागेल, ती मैदानावर समोरच्या मुलालाही दिसलेली नसते.

चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि दोन यार्ड बाकी असतील तेव्हा मात्र मी निकष थोडा कडक करतो. अशा वेळी बरेच संघ स्नॅप करतच नाहीत, डिफेन्सला पुढं ओढायचा प्रयत्न करतात. क्वार्टरबॅकनं नुसत्या आवाजानं फसवलं तर ते कौशल्य आहे आणि कायदेशीर आहे. पण डिफेन्सनं हद्द ओलांडावी याच उघड हेतूनं केलेली कृती एनएफएचएसच्या नियमात फॉल्स स्टार्टमध्ये मोडते. त्या डावाला सेंटरचं डोकं, लाइनचे खांदे, क्वार्टरबॅकचे हात यांतलं काही झटक्यानं हललं तर आधी तिकडं बघा आणि मग डिफेन्सकडे.

दोघेही हलले तर

‘आधी कोण?’ याचं उत्तर देता आलं नाही तर दोन्ही कोच एकाच वेळी तुमच्यावर ओरडतात, आणि दोघांचंही ओरडणं रास्त असतं. उत्तर न्यूट्रल झोनच्या पट्टीत आहे. डिफेन्सचा खेळाडू आधी त्या पट्टीत शिरला आणि मग टॅकल दचकला, तर एन्क्रोचमेंट. टॅकल आधी दचकला आणि मग समोरचा आत आला, तर फॉल्स स्टार्ट. डिफेन्सचा खेळाडू आपल्याच बाजूला उसळला, हद्दीपर्यंत पोहोचला नाही आणि तरी टॅकल हलला, तर हायस्कूलच्या नियमानं फॉल्स स्टार्टच. डिफेन्सनं ऑफेन्सच्या खुणांची नक्कल करून ओरडाआरडा केला असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी त्यांना स्वतंत्र दंड आहे.

शिट्टी वाजवून लगेच साथीदारांकडे जा. अंपायरनं मध्ये काय पाहिलं ते विचारा. दोन पंचांनी दोन वेगळ्या खुणा दाखवल्या की लोकांचा विश्वास उडतो, म्हणून खूण दाखवण्याआधी पाच सेकंद बोललेलं बरं.

डिफेन्सनं मुद्दाम वारंवार आत घुसायचं ठरवलं तर काय, असाही प्रश्न वर्गात येतो. २६ जानेवारी २०२५ च्या एनएफएलमधल्या एनएफसी विभागाच्या अंतिम सामन्यात हेच झालं. फिलाडेल्फिया ईगल्स गोललाइनला अगदी चिकटून होते आणि वॉशिंग्टन कमांडर्सचा लाइनबॅकर फ्रँकी लुवू स्नॅपआधीच लाइनवरून उड्या मारत होता. दंड म्हणून चेंडू तसूभर पुढं सरकायचा, त्यामुळे संघाला गमवायला काही उरलं नव्हतं. शेवटी रेफरी शॉन होचुली यांनी माइकवरून जाहीर केलं की असंच चालू राहिलं तर थेट गुण बहाल करता येतील. तुमच्या पुस्तकातही अन्यायकारक कृत्यासाठी रेफरीला असा अधिकार आहे. तो रेफरीचा आहे, तुमचा नाही, पण त्याला वेळेवर आठवण करून देणं तुमचं काम आहे.

मोशन आणि तो एक सेकंद

स्नॅपच्या क्षणी ऑफेन्सचा एकच खेळाडू चालता असू शकतो आणि तोही लाइनला समांतर किंवा मागे. हडल किंवा शिफ्टनंतर अकराही जणांनी किमान एक सेकंद पूर्ण थांबलं पाहिजे. घड्याळ बघायला वेळ नसतो. मनात ‘एक हजार एक’ म्हणा. ते म्हणून पूर्ण होण्याआधी चेंडू सुटला तर इल्लीगल शिफ्ट.

मोशनमधला खेळाडू स्नॅपला लाइनकडे वळला का, हे सगळ्यात बारीक काम. त्याचे खांदे वळलेले असतील पण पाय समांतरच चालले असतील तर मी सोडतो. पाऊल पुढं पडलेलं स्पष्ट दिसलं तरच फ्लॅग. आणि पुन्हा सांगतो, शिट्टी नाही.

जे बोलून टळतं ते बोलून टाळा

जागेच्या चुका बोलून टाळता येतात, झटक्याच्या नाही. टॅकल खूप मागे उभा राहतो ही अशीच एक चूक: हायस्कूलमध्ये त्याचं डोकं किंवा पाऊल सेंटरच्या कमरेच्या रेषेपर्यंत पोहोचलेलं हवं. पहिल्यांदा दिसलं की दोन डावांमध्ये सांगा: ‘बहात्तर, थोडा पुढं ये.’ रिसीव्हरनं ‘मी लाइनवर आहे ना?’ असं विचारलं तर हातानं उत्तर द्या. मोसमाच्या सुरुवातीला आणि लहान वयोगटांत हे भरपूर करा.

मात्र सांगणं हे सौजन्य आहे, खेळाडूचा हक्क नाही. एनएफएलमध्ये १० डिसेंबर २०२३ ला कॅन्सस सिटीच्या कडॅरियस टोनीनं बफेलो बिल्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत केलेला टचडाउन रद्द झाला, कारण तो स्नॅपला न्यूट्रल झोनमध्ये उभा होता. आधी का सांगितलं नाही, अशी त्याच्या संघाची तक्रार होती. उघड चूक दिसत असताना निर्णायक क्षणी फ्लॅग खिशात ठेवणं म्हणजे दुसऱ्या संघावर अन्याय, म्हणून माझ्या मते तो निर्णय बरोबरच होता.

त्याच मोसमात त्याच संघाच्या जवान टेलर या टॅकलचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. डेट्रॉईटविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो फार मागे उभा राहतो आणि स्नॅपच्या किंचित आधी सुटतो, अशी चर्चा देशभर झाली. पुढच्याच सामन्यात, जॅक्सनविलमध्ये, त्याच्या नावावर पाच पेनल्टी लागल्या. पहिल्या आठवड्यात जे चालतं ते दुसऱ्या आठवड्यात चालत नाही, असं खेळाडूला वाटू देऊ नका. पहिल्या क्वार्टरमध्ये जी हालचाल सोडलीत ती चौथ्यातही सोडायला हवी आणि दोन्ही संघांसाठी सोडायला हवी.

शिट्टी, फ्लॅग, खूण

शिट्टी तोंडात धरून उभं राहू नका, हातात ठेवा. ती तोंडापर्यंत नेताना जो क्षण जातो त्यात मेंदूला निर्णय पक्का करायला वेळ मिळतो आणि चुकून वाजलेल्या शिट्ट्या टळतात. पण एकदा ठरलं की जोरात, सलग वाजवा आणि हात हलवत पुढं या, कारण वीस मुलं एकमेकांवर धावून जाणार असतात. दबकी शिट्टी धोकादायक असते. फ्लॅग वर उंच टाका. लाइनवरच्या चुकीला तो कुठं पडला याला महत्त्व नसतं, तो सगळ्यांना दिसणं महत्त्वाचं.

फॉल्स स्टार्टची खूण म्हणजे छातीसमोर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवणं. एन्क्रोचमेंटला दोन्ही हात कमरेवर. मोशनला एका हातानं आडवी कमान, शिफ्टला दोन्ही हातांनी. रेफरीला चूक, संघ आणि खेळाडूचा नंबर सांगा. नंबर दिसला नसेल तर अंदाजानं सांगू नका.

तुमच्या बाजूचा कोच विचारणारच. त्याला दोन वाक्यांत सांगा: ‘कोच, चौसष्ट नंबरचा हात टेकलेला होता, स्नॅपआधी उचलला.’ नियमाचा कलम क्रमांक सांगू नका, वाद घालू नका. काय दिसलं ते सांगितलंत तर बहुतेक कोच त्या मुलाकडे वळतात.

घरची तालीम

कुठलाही सामना लावा आणि संपूर्ण डावभर एकाच टॅकलकडे बघा. स्नॅप झाला की थांबवा, मोठ्यानं निर्णय सांगा, मग मागे नेऊन बघा. पहिल्यांदा नेहमी नेहमीच्या वेगानं बघा. संथ गतीत प्रत्येक जण आधी सुटल्यासारखा दिसतो आणि ती सवय मैदानावर घातक ठरते.

थोडा हात बसला की ईगल्सचा ‘टश पुश’ घ्या. क्वार्टरबॅकला मागून ढकलत यार्डभर जाण्याचा हा डाव. लाइनमन इतके खाली आणि इतके दाटीनं असतात की गार्डचा खांदा चेंडूच्या आधी हलला की चेंडूबरोबरच, हे कळणं फार कठीण. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध असा फॉल्स स्टार्ट सुटल्याची टीका झाल्यावर लीगनं पंचांना हा डाव अधिक बारकाईनं पाहायला सांगितलं. त्या डावांत गार्डकडे थेट बघू नका. नजर चेंडूवर ठेवा आणि चेंडू हलायच्या आत त्याच्या शेजारी काही हललं का, एवढंच टिपा. सुरुवातीला दहापैकी निम्म्या वेळा चुकाल. अंपायरची जागा मागण्याआधी हा आकडा खाली आणा.